हातोड्यांची लोकर

कारखाना वसाहत, ता. इंदापूर
६ नोव्हेंबर १९९५

आक्का, पाया पडतो.

दिवाळीला कऱ्हाटीला आलो नाही म्हणून तू रागावली असशील. ड्यूटी होती, आणि खरं सांगायचं तर ड्यूटी नसती तरी आलो नसतो. इथं एक काम हातात घेतलं आहे आणि त्यात तुझी गरज पडली आहे. कार्डावर मावणार नाही म्हणून मोठं पत्र लिहितो.

तुला माहीत आहे, पलटणीच्या बँडातून सुटल्यावर मला इथं कारखान्याच्या सुरक्षा विभागात संभाजीरावांनी लावलं. ते बँडात आमचे हवालदार होते. ते व्हायोलिन वाजवतात. त्यांच्या हाताखाली नागेश नावाचा एक आहे, तोही बँडातलाच. तो चेलो वाजवतो, म्हणजे खुर्चीत बसून पायांत धरायचं ते मोठं वाद्य. माझा व्हिओला तू पाहिला आहेस, व्हायोलिनपेक्षा थोरला आणि आवाजानं जाडसर. दुसऱ्या व्हायोलिनला इथल्या डॉक्टरांच्या घरच्या सुप्रियाताई आहेत, त्या लहानपणी पुण्यात शिकल्या. असे आम्ही चौघं दर रविवारी क्लबात बसतो.

त्या क्लबात एक पियानो आहे, कुणा गोऱ्या इंजिनिअरनं साठ वर्षांपूर्वी आणलेला. तो वाजवतात कौसल्याबाई. त्यांचे यजमान इथं केमिस्ट होते, आठ वर्षांपूर्वी वारले. बाई आता पासष्टीच्या आहेत. त्यांच्याकडं पाच जणांनी मिळून वाजवायच्या एका युरोपी रचनेची वही आहे, एक पियानो आणि चार गजाची वाद्यं. लग्नाआधी त्यांच्या मास्तरीणबाईंनी दिलेली. गेली तीस वर्षं बाई त्यातला आपला एकटीचा भाग वाजवत आल्या, कारण बाकीचे चार जण या मुलुखात कुठून मिळणार. आम्ही आलो तेव्हा त्यांनी ती वही संभाजीरावांपुढं ठेवली आणि म्हणाल्या, एकदा पुरी वाजवायची आहे, मग माझं काही मागणं नाही.

आता अडचण. फेब्रुवारीअखेर क्लबाची इमारत ऑफिसला जाणार आणि पियानो मुंबईच्या एका शाळेला. बाईही मार्चमध्ये मुलीकडं नागपूरला कायमच्या जाणार. म्हणून दहा फेब्रुवारी हा दिवस ठरवला आहे. पण पियानोत कसर लागली आहे. कळ दाबली की आत एक लाकडी हातोडी तारेवर आपटते. हातोडीच्या तोंडाला दाबून बसवलेल्या लोकरीचा थर असतो. वरच्या चाळीस-पंचेचाळीस हातोड्यांची लोकर किड्यांनी खाल्ली आहे, लाकूड तारेला लागतं. पुण्याहून माणूस आणला होता. तो म्हणाला परदेशातून मागवावी लागेल, चार महिने लागतील.

मला आपल्या घरचा बुरणूस आठवला. न विणता, नुसती तुडवून घट्ट केलेली लोकर. तुझ्याशिवाय आता तो कुणाला येतो? हातभर लांब, हातभर रुंद पुरे, पण जाडी सगळीकडं सारखी हवी. होईल का, कळव.

तुझा
जोती


कऱ्हाटी
१७ नोव्हेंबर १९९५

जोती, खुशाल असशील.

तुझं पत्र दादासोनं आणून दिलं नि म्हणाला, आक्का, जोतीरामानं बुरणूस मागितलाय, इंदापुरात थंडी लई पडाय लागली का काय. मी त्याला सांगितलं की बाज्याच्या पोटात घालायचाय. तवापास्नं आपला चुलतभाऊ गावभर सांगत फिरतोय.

वयाच्या सतराव्या वर्षी मेंढरं टाकून गेलास, आता पस्तीस वर्षांनी लोकर मागतूस. हसू आलं, दुसरं काय न्हाय. घरात अकराच मेंढरं राहिलीत. दादासो ती पण इक म्हणतो. ऊस लावलाय, पाटाच्या पाण्यावर मेंढरं कुठं फिरवायची, असं त्याचं म्हणणं. पण यंदाच्या तीन कोकरांची जावळ काढायची हाय. पहिल्या कातरणीची लोकर, तिच्यासारखी मऊ लोकर पुन्हा त्या जनावराच्या अंगावर येत न्हाय. ती तुझ्या बाईंसाठी ठेवते.

बुरणूस करून मला बारा वर्षं झाली. लोकर पिंजून चटईवर सारखी हातरायची, रिठ्याचं कढत पाणी मारायचं, गुंडाळी करून दोघींनी दिवसभर पायानं तुडवायची. शेजारची छबूबाई येते म्हणाली. तिचं गुडघं दुखतात पण चहावर येईल.

एक काम कर. तुकडं कापून डकवाय तू बसशील तर वाट लावशील, तुझा हात मला म्हाईत हाय. मी सवता घेऊन येते. बाईमाणसाला राहाय जागा कुठं हाय ते बघ.

तुझी आक्का


कारखाना वसाहत
२८ डिसेंबर १९९५

आक्का, पाया पडतो.

जागेची सोय झाली. मी बाईंना सांगितलं की माझी बहीण येणार आहे, तर म्हणाल्या माझ्याकडंच उतरतील, दुसरीकडं कुठंही नाही. संक्रांत झाली की सतरा तारखेला निघ. बारामतीला बस बदल, इंदापूरच्या गाडीत बस, फाट्यावर मी सायकल घेऊन उभा असेन.

तालीम सुरू आहे. पियानो खडखडतो तरी आम्ही वाजवतो. तिसरा आणि चौथा भाग बरा बसला आहे. दुसरा अवघड. तो सावकाश आहे, आणि त्यात एका जागी आम्ही चौघं आवाज कमी करत करत थांबतो आणि बाईंनी एकटीनं अगदी हळू उचलायचं असतं. तिथं आमचं नेहमी अडतं.

बाईंच्या काही सवयी चमत्कारिक आहेत. पियानोचं वरचं झाकण उघडून ठेवायला लावतात आणि गुडघा पुढच्या फळीला टेकवून बसतात. आम्ही सुरू करायच्या आधी संभाजीरावांनी गज पुरा वर उचलून दाखवला पाहिजे, नाहीतर रागावतात. कालच म्हणाल्या, "तोंडानं एक-दोन-तीन म्हणू नका, गज दाखवा." नागेश मागून पुटपुटला की बाई पलटणीत असत्या तर सुभेदार झाल्या असत्या. जुन्या वळणाची शिस्त आहे, दुसरं काय. तीस वर्षं थांबलेल्या माणसाला घाई आणि धास्ती दोन्ही असणारच.

अंगावर घ्यायला जाड काहीतरी आण. उजनीच्या पाण्यावरून वारा येतो.

तुझा
जोती


कऱ्हाटी
२६ जानेवारी १९९६

जोती,

मी नीट पोचले. बारामतीच्या स्टँडवर तास मोडला, पण जागा मिळाली.

तीन दिवस बाईंच्या घरी राहिले ते कुठल्या लग्नात पण एवढा मान मिळाला नसंल. पहिल्या दिवशी मी खाली बसले तर त्या पण खाली बसल्या, पाय मोडत न्हाईत तरी. मग मीच उठून खुर्चीत बसले.

चव्वेचाळीस तुकडं. मी मोजून डकवलेत. तू डकवलेस तेवढे तीन वाकडं व्हते, ते मी काढून पुन्हा लावले. तू इचारलंस बुरणूस एवढा ताठ कसा, म्हणून सांगते. शेवटचा हात चिंचोक्याच्या खळीचा दिला. आबा घोंगडीला द्यायचे तशी, पातळ दोनदा. खळीबिगर बुरणूस म्हंजी भिजल्या कुत्र्यावानी लोळतो. चार मोठ्या माणसांत जाणारी वस्तू, तिला अंग पायजे.

बाईंना लई आवडलं. शेवटल्या दिवशी दुपारी तू ड्यूटीवर गेल्यावर मला एकटीला क्लबात नेऊन वाजवून दावलं. एवढंच लिहिते. तुला पण म्हणून ठेवते, आता त्या हातोड्यांना कुणी हात लावू नका. हाय तसं राहू द्या.

दहा तारखेला यायचं मनात हाय. पण दोन मेंढ्या त्याच सुमाराला व्यायच्या झाल्यात.

तुमची तालीम पण छान झाली. मला आवडली.

तुझी आक्का


कारखाना वसाहत
४ फेब्रुवारी १९९६

आक्का,

तुझं पत्र मिळालं. इकडं सगळं उत्तम आहे. बुरणुसाचं काम पाहून क्लबाचे मॅनेजर म्हणाले, असा कारागीर पुण्यातही मिळाला नसता. बाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, कऱ्हाटीच्या सारजाबाईंनी पियानोत पुन्हा जीव आणला.

तालीम रोज सुरू आहे. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम. आधी पियानोत थोडं किरकोळ काम आहे, ते मी शुक्रवारी उरकून घेतो. तू त्याची काळजी करू नकोस, तुझ्या कामात काही खोट नाही.

जमलं तर ये. मेंढ्या व्यायल्या तर राहू दे.

तुझा
जोती


कऱ्हाटी
१३ फेब्रुवारी १९९६

जोती,

कार्डावर लिहिते. मेंढ्या नऊ आणि दहाला व्यायल्या, एकीला जुळं. म्हणून निघता आलं न्हाय. शनिवारी पाच वाजता मी वट्ट्यावर बसून व्हते. बाईंचं कसं झालं ते दोन ओळींत का व्हईना कळव.

आक्का


कऱ्हाटी
२५ फेब्रुवारी १९९६

जोती,

पंधरा दिवस झालं, तुझं पत्र न्हाय. काल दादासो उसाच्या बिलाला माळेगावला गेला व्हता. तितं त्याला तुमच्या वसाहतीतला कुणी ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला कार्यक्रम मधीच मोडला, बाई उठून गेल्या, आता घराबाहेर पडत न्हाईत.

दादासोनं हे जेवताना सांगितलं आणि वर म्हणाला, आक्काच्या बुरणुसानं बाजा बंद पाडला. चेष्टेत म्हणाला. मी ताट सारून उठले.

माझ्या खळीनं काय बिघडलं का? व्हय तर व्हय लिही. मी काय लहान पोर न्हाय.

आक्का


कारखाना वसाहत
२ मार्च १९९६

आक्का,

पत्र लिहायला चार वेळा बसलो. आज लिहूनच उठतो.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. खळीमुळं हातोड्या कडक झाल्या होत्या. तू गेल्यावर पहिल्या तालमीलाच कळलं. पियानोचा आवाज काचेवर चमचा मारावा तसा यायला लागला. वरचे सूर तर कानात टोचायचे. आमची चार वाद्यं त्याखाली ऐकूच येईनात. संभाजीराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "जोतीराम, हा पियानो आहे का ताशा?" सुप्रियाताईंनी दोनदा बाईंना हळू वाजवायला सांगून पाहिलं. पण बाई खूष होत्या. म्हणायच्या, आता कसा मोकळा बोलतो. मला वाटलं, तू तीन दिवस त्यांच्या घरी राहून एवढी मेहनत केलीस म्हणून त्या तुझा मान राखतात. त्यांना खरं सांगितलं असतं तर तुझ्या कामाला नावं ठेवल्यासारखं झालं असतं. तुला लिहिलं असतं तर तू पुन्हा लोकर घेऊन धावत आली असतीस. म्हणून आम्ही चौघांनी ठरवलं की कुणालाच काही बोलायचं नाही.

शुक्रवारी बाई विश्रांतीसाठी घरी होत्या. मी क्लबात जाऊन ओल्या फडक्यानं सगळ्या हातोड्यांची खळ उतरवली. वाळल्यावर एका लाकडाला तीन सुया बसवून एकेक हातोडी टोचून मोकळी केली. कडक लोकर अशीच मऊ करतात, पुण्याच्या माणसानं दाखवलं होतं. सकाळी नऊला बसलो तो संध्याकाळी उठलो. मग संभाजीरावांनी दोन-चार कळा दाबून पाहिल्या. आक्का, आवाज इतका गोड झाला होता की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बुरणूस तू फार चांगला केला होतास. खळ तेवढी नको होती.

शनिवारी सव्वाशे माणसं आली. बाई पांढरी साडी नेसून आल्या, बसल्या. पहिला भाग जोराचा आहे, तो गेला. पण त्या कळा नेहमीपेक्षा जोरात आपटत होत्या आणि सारख्या आत, हातोड्यांकडं बघत होत्या. दुसऱ्या भागात ती जागा आली. आम्ही चौघं हळू होत थांबलो. बाईंनी उचललं. पाच-सहा सूर आले, मग चुकीचे आले, मग त्या आमच्या पुढं निघून गेल्या. संभाजीरावांनी खूण केली आणि आम्ही त्यांना गाठायला वाजवायला लागलो. आम्ही वाजवतो आहोत आणि बाईंचे हात मांडीवर. त्या आमच्या गजांकडं बघत होत्या, जसं काय आम्ही नुसते हात हलवतो आहोत. आम्ही थांबलो. त्या उठल्या, लोकांना नमस्कार केला, म्हणाल्या, "माफ करा, मला बरं वाटत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी विसरणार नाही.

तेव्हापासून त्या कुणाला भेटत नाहीत. एवढ्या वर्षांची वाट आणि ऐन वेळी धीर सुटला, असं संभाजीराव म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

तुझा दोष नाही. तुझ्यापासून लपवलं ते चुकलं, माफ कर.

जोती


कऱ्हाटी
७ मार्च १९९६

जोती,

तुझं पत्र मिळालं. आता जे लिहिते ते न लिहायची मी बाईंची शपथ घेतली व्हती. आता शपथ ठेवून काय उपेग न्हाय.

बाईंना ऐकू येत न्हाय. दीड-दोन वर्षं झाली. माणसाचं बोलणं त्या तोंडाकडं बघून वळखतात. पियानोचे वरले सूर तर त्यांना आजाबात येत नव्हते. गुडघा फळीला लावून त्या अंगानं ऐकत व्हत्या. त्यासाठीच झाकण उघडं ठेवायच्या, त्यासाठीच गज वर धरा म्हणायच्या. धास्ती न्हवती ती.

मी निघायच्या दिवशी दुपारी त्यांनी मला क्लबात नेलं नि वाजवाय लागल्या, आणि मधीच थांबून रडाय लागल्या. मला वाटलं माझ्या कामात खोट निघाली. त्या म्हणाल्या, "सारजाबाई, मला ऐकू आलं. वरचे सूर ऐकू आले." तुमच्या कानाला जे टोचत व्हतं तेवढंच त्यांच्या कानात शिरत व्हतं. माझा हात धरून म्हणाल्या, तुमच्या भावाला सांगू नका. त्या चौघांना कळलं तर माझी दया करतील, सांभाळून घेतील, आणि मला ते नकोय. मला त्यांच्याबरोबरीनं वाजवायचंय. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तरी तुला लिहिलं व्हतं, हातोड्यांना हात लावू नका. का ते लिहिलं न्हाय.

तू माझा मान राखाय गेलास, मी त्यांचा राखला. त्या बिचाऱ्या सवताचा राखत व्हत्या. सव्वाशे लोकांत त्यांनी कळ दाबली तवा त्यांना काय वाटलं असंल? आदल्या दिवसापर्यंत येत व्हतं, आज न्हाय. त्यांना वाटत असंल कान पुरा गेला. तेच धरून त्या घरात बसल्यात.

जोती, जाऊन सांग. तू सुया टोचल्यास म्हणून सांग. मी शपथ मोडली ते पण सांग. त्या नागपूरला जायच्या आत.

आक्का


कारखाना वसाहत
२४ मार्च १९९६

आक्का,

तुझं पत्र मिळाल्यावर लगेच गेलो नाही, हे आधी लिहितो. आठ दिवस धीर झाला नाही. तेवढ्यात गेल्या सोमवारी, फेब्रुवारीत यायचा राहिलेला मुंबईचा टेम्पो येऊन पियानो घेऊन गेला. आमच्याच गेटवरून गेला. गेटपास मीच लिहिला.

परवा सकाळी गेलो. सामान बांधलेलं होतं, दोन खुर्च्या तेवढ्या बाहेर होत्या. मी सगळं कागदावर लिहून नेलं होतं. खळ, ताशासारखा आवाज, सुया, आमचं चौघांचं ठरणं, आणि तू सांगितलेलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं रडतील किंवा मला हाकलतील.

त्या म्हणाल्या, "हातोड्या मऊ केल्यात ते बरोबर केलंत. पाच जणांत एकाचाच आवाज ऐकू येत असेल तर ते पाच जणांचं कसलं? मी असते तरी तेच केलं असतं."

मी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "पण मला सांगायला हवं होतं. मला ऐकू येणार असं धरून मी बसले. सूर येईना म्हणून जोरात वाजवलं, तरी येईना, मग तो शोधायला लागले आणि मोजायचं विसरले. तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी ऐकायच्या भरवशावर बसलेच नसते. मोजलं असतं, तुमचे गज बघितले असते. शेवटपर्यंत गेले असते."

आक्का, हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, शाळेत गणित कुठं चुकलं ते सांगावं तसं. मी म्हणालो, बाई, आपण पुन्हा एकदा बसू, चौघं यायला तयार आहेत. माझ्या ओठांकडं बघून त्यांनी विचारलं, "कशावर?"

मुंबईच्या शाळेत जाऊन वाजवू, असं काहीतरी बोललो. ते त्यांनी ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, कळलं नाही.

तुझ्याबद्दल म्हणाल्या की सारजाबाईंवर माझा राग नाही, त्यांना शपथेत बांधलं ती माझी चूक. ती पाचांची वही त्यांनी संभाजीरावांना द्यायला माझ्याजवळ दिली. काल त्या गेल्या. स्टँडवर आम्ही चौघं होतो. गाडी सुरू झाल्यावर नागेश मोठ्यानं "बाई, पत्र टाका" म्हणाला आणि मग त्याच्याच लक्षात आलं. त्या खिडकीतून समोर बघत होत्या.

रविवारी आता आम्ही बसत नाही. क्लबाला नवं कुलूप आहे.

एवढंच मागणं आहे, आक्का. इथून पुढं मला वाईट वाटेल म्हणून काही झाकून लिहू नकोस. मीही लिहिणार नाही.

जोती


कऱ्हाटी
२ एप्रिल १९९६

जोती,

पत्र वाचलं. बाईंचा नागपूरचा पत्ता संभाजीरावांकडं असंल तर पाठव.

दादासोनं मेंढरं इकायचं पक्कं केलं. मी न्हाय म्हणाले न्हाय. भिगवणच्या बाजाराला नेतील. कोकरं पण जातील.

तू झाकून लिहू नको म्हणालास. मग दोन गोष्टी लिहिते.

एक. तुमची तालीम मला आवडली असं लिहिलं व्हतं. मला त्यातलं काय बी कळलं न्हाय. अर्धा येळ मी डुलकी घेत व्हते. तुझं वाजवणं कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं ते पण मला वळखाय आलं न्हाय. मी तुझ्या हाताकडं बघून माना हलवत व्हते.

दुसरं आबांचं हाय. ते गेले तवा तू आसामात व्हतास. मी तुला लिहिलं की शेवटपर्यंत तुझं नाव घेत व्हते, जोती कसा हाय इचारत व्हते, त्याचा बाजा ऐकायचा राहिला म्हणाले. तू उलट पत्रात लिहिलं व्हतंस की त्या एका वाक्यावर मी तग धरून हाय. ते वाक्य माझं हाय. आबांचं न्हाय. तू मेंढरं रानात सोडून गेलास त्या दिसापास्नं त्यांनी तुझं नाव घेतलं न्हाय. शेवटल्या आठवड्यात मी दोनदा इचारलं, जोतीला तार करू का. दोन्ही वेळंला त्यांनी हातानं नको म्हणून सांगितलं.

चोवीस वर्षं मी हे धरून ठेवलं. तुला बरं वाटावं म्हणूनच. आता बाईंचं बघितल्यावर कुणाला बरं वाटावं म्हणून काय करावं तेच मला कळंनासं झालंय.

यावर तुला रागवायचं असलं तर रागव. पत्र न्हाय आलं तरी मी समजून घेईन.

हे घरात ठेवलं तर माझ्याच हातानं फाटंल. म्हणून आताच पेटीत टाकाय निघाले.

तुझी
आक्का